दाटलेल्या गळ्याचं सभेत काय करायचं?

पत्र

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात चरईला राहतो. वय ५२, नोकरी लेखापरीक्षणाची, म्हणजे आयुष्य आकड्यांत गेलेलं. आमची जुनी चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन आता बावीस मजल्यांचा टॉवर झालाय. सोळा घरांची ८८ घरं झाली. लिफ्ट दोन, एक मेन आणि एक सर्व्हिस. जुलैमध्ये कमिटीनं मेन लिफ्टशेजारी पाटी लावली: घरकाम करणाऱ्या बायका, मासळीवाल्या, डिलिव्हरीवाले आणि कचरा उचलणारे यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आणि सर्व्हिस लिफ्ट वीज वाचवण्यासाठी सकाळी १० ते संध्याकाळी ५ बंद.

चेंदणी कोळीवाड्यातून एक मावशी आमच्याकडे तीसेक वर्षं येतात. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मासळी साफ करून दिल्यावर तिच्यापाशी दहा मिनिटं बसायच्या. गेल्या महिन्यात एका शनिवारी साडेदहाला दार उघडलं, तर त्या सहाव्या मजल्याच्या जिन्यावर टोपली शेजारी ठेवून गुडघे चोळत बसलेल्या. मला बघून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दादा, बोंबील बघ, एकदम ताजे हायेत."

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पाटी कायम करण्याचा ठराव आला. मी हा प्रसंग सांगायला उभा राहिलो आणि गळा दाटला. वाक्य पुरं झालं नाही. मागून कुणीतरी हसलं. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर आहेत. ते म्हणाले, "साहेब, आगरकरांच्या महाराष्ट्रात ठराव भावनेवर होत नाहीत. मुद्दा असेल तर मांडा." मी खाली बसलो. हजर ४१, ठरावाच्या बाजूनं २७, विरोधात आम्ही तिघं, बाकीचे गप्प.

घरी आल्यावर मुलगी (बारावी सायन्स, एन्ट्रन्सची तयारी चालू आहे) म्हणाली, "बाबा, फीलिंग्ज आर नॉट फॅक्ट्स. डेटा घेऊन जायचं ना!" बायको म्हणते, सोडून द्या आता. ताई, भावना बाजूला ठेवून विचार करायला या वयात शिकता येतं का?

– एक सभासद, चरई

उत्तर

नमस्कार सभासद,

अध्यक्षांनी आगरकरांना सभेत आणलंच आहे, तर तिथूनच सुरू करते. गोपाळ गणेश आगरकर बुद्धिवादी होते, त्यात वाद नाही. पण ती बुद्धी त्यांनी कुठे चालवली ते बघा. १८८७ मध्ये 'केसरी'चं संपादकपद सोडलं, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि विधवांचं केशवपन, बालविवाह, संमतिवय या विषयांवर शेवटपर्यंत लिहीत राहिले. शेवट तरी किती लवकर, चाळिशीही गाठली नाही. एम. ए. होत असतानाच त्यांनी आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे. हा हिशेब तर्कशास्त्राच्या तासाला शिकवत नाहीत. विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरताना ज्याच्या पोटात कालवत नाही, तो केशवपनाविरुद्ध युक्तिवाद रचायला बसेलच कशाला? आधी पोटात कालवलं, मग लेखणीला धार आली. आणि पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे लोकही काही डोकं थंड ठेवून रस्त्यावर उतरले नव्हते. तेव्हा पुढच्या सभेत अध्यक्षांनी पुन्हा आगरकर काढले तर काढू द्या. ते तुमच्या बाजूचे आहेत.

आता सभेबद्दल. तिथे भावना फक्त तुमचीच होती, हे मला मान्य नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे माणसाच्या मूळ भावना, सांगितले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. तुमचं पत्र वाचताना मला रती सोडून बहुतेक सगळे त्या हॉलमध्ये बसलेले दिसले. तुमचा शोक सगळ्यांनी पाहिला. हास मागच्या रांगेत होता. उत्साह ठरावाचे सूचक आणि अनुमोदक म्हणून इतिवृत्तात नोंदला गेला असेल. बाहेरची माणसं लिफ्टमध्ये येतात, कोण कुठल्या मजल्यावर उतरतं कळत नाही, हे भय. आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, तर थेट विषयपत्रिकेवरच होती, फक्त 'स्वच्छता व देखभाल' असं सोज्वळ नाव घेऊन. जी भावना बहुमतात असते तिला कुणी भावना म्हणत नाही, तिला व्यवहार म्हणतात. ज्याचं काही पणाला लागलेलं नसतं त्याचा आवाज शांत असतो, आणि शांत आवाज ऐकला की आपण समजतो, हा विचार करून बोलतोय. आपल्या सोसायट्यांतले निम्मे ठराव या एका गैरसमजावर पास होत असतील.

भावना बाजूला ठेवून विचार करता येतो का, हा तुमचा खरा प्रश्न. काही माणसं तसा करतात, पण हौसेनं नाही. आंतोनियो दामासियो हे पोर्तुगालमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे मेंदूतज्ज्ञ. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागाला इजा झालेले रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षं तपासले. त्यातल्या एकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. ट्यूमर काढल्यावर त्याची बुद्धिमत्ता चाचणीत पूर्वीसारखीच चांगली निघाली. स्मरणशक्ती शाबूत, भाषा शाबूत, नीतीचे प्रश्न कागदावर विचारले तर उत्तरंही बरोबर. फक्त भीषण चित्रं दाखवली तरी आत काही हलायचं नाही. या माणसाची नोकरी गेली, पैसे बुडाले, संसार मोडला. कारण निर्णय घेणंच जमेना. असाच नुकसान झालेला दुसरा एक रुग्ण होता. त्याला दामासियोंनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. गृहस्थांनी डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांची बरी-वाईट बाजू मांडत बसले: त्या दिवशीची इतर कामं, लागून असलेल्या भेटी, हवामान कसं असेल. शेवटी दामासियोंनीच सांगितलं, दुसरी तारीख घ्या. "ठीक आहे," म्हणून डायरी मिटली आणि ते गेले. कारणांची कमतरता नव्हती. कुठलं कारण जड, कुठलं हलकं, हे आतून सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

दामासियोंच्याच संशोधक गटानं नव्वदच्या दशकात एक पत्त्यांचा खेळ रचला. चार गड्ड्या. त्यातल्या दोन मोठी बक्षिसं देतात पण शेवटी खड्ड्यात घालतात, दोन थोडंथोडं देतात आणि फायद्यात ठेवतात. धडधाकट माणसांचा हात वाईट गड्डीकडे वळला की तळहाताला किंचित घाम सुटू लागला, आणि ही गड्डी वाईट का हे त्यांना शब्दांत सांगता येण्याआधी. या 'आधी'वर पुढे बराच वाद झाला. प्रश्न जास्त बारकाईनं विचारले तर खेळणाऱ्यांना पुष्कळ लवकर कळलेलं असतं, असं दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. वाद असू दे. मला त्यात लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे: मेंदूला इजा झालेल्यांपैकी काहींना कुठल्या गड्ड्या वाईट हे नीट कळलं, त्यांनी ते बोलूनही दाखवलं, आणि तरी ते त्याच गड्डीतून पान उचलत राहिले. ज्ञान होतं, पण ते हातापर्यंत पोचत नव्हतं.

लेखापरीक्षकाला हे परकं वाटू नये. फाइल चाळताना एखाद्या व्हाउचरपाशी बोट थांबतं की नाही? बेरीज जुळते, सह्या आहेत, शिक्का आहे, तरी काहीतरी खटकतं. ते खटकणं हा पुरावा नाही आणि तेवढ्यावर तुम्ही शेरा मारत नाही. पण त्याच्यामुळेच बाकीची चारशे व्हाउचरं सोडून तुम्ही ते एक उघडता, बिल मागवता, तारखा ताडून बघता. जिन्यावर तुम्हाला जे झालं ते हेच होतं. तुमचं चुकलं ते एवढंच की खटकल्यावर पुढचं काम केलं नाहीत. व्हाउचर तसंच मिटलेलं घेऊन सभेत गेलात.

इथे अध्यक्ष म्हणू शकतील की आम्हालाही खटकतंच की! लिफ्टमध्ये मासळीचा वास राहतो, पाणी सांडतं, नको वाटतं. तुमची कणव खरी आणि आमची किळस खोटी, हे कुणी ठरवलं? प्रश्न रास्त आहे, आणि 'मनाचा कौल घ्या' छापाचे सल्ले नेमके इथेच गळपटतात, कारण मन दोघांनाही कौल देतंय. (मला सुक्या बोंबलाचा वास आवडतो. म्हणजे या प्रकरणात मी पक्षपाती आहे, हे नोंदवून ठेवा.)

किळस निरुपयोगी नाही. कुजलेलं, विटलेलं, संसर्गाचं तोंडात जाऊ नये म्हणून तिनं माणसाला सांभाळलंय. पण तिची एक खोड आहे, ती ऐकत नाही. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळांच्या रसात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलं आणि लोकांना विचारलं, प्याल का? झुरळ निर्जंतुक आहे हे सांगूनही लोक नको म्हणाले. मग त्यांनी साखरेच्या दोन बाटल्या घेतल्या आणि लोकांना स्वतःच्या हातानं त्यांवर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या, एकीवर 'साखर', दुसरीवर एका जहाल विषाचं नाव. चिठ्ठी आपणच लावली, आत साखरच आहे हे पक्कं ठाऊक. तरीही दुसऱ्या बाटलीतलं साखरपाणी प्यायला माणसं कचरली. माहिती डोक्यात गेली, किळसेपर्यंत गेली नाही.

झुरळाच्या बाबतीत हे चालून जातं. माणसांच्या बाबतीत तीच खोड काय करते हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती ते माणसांच्या ओंजळीनं बाटलं, म्हणून नंतर गावातल्या सवर्णांनी त्यात दूध, दही, शेण, गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. शेण टाकून पाणी स्वच्छ होतं हे गणित मांडताना आपण भावनेच्या आहारी गेलोय असं त्यातल्या कुणाला वाटलं नसणार. रीत आहे, व्यवस्था आहे, असंच वाटलं असणार. तुमची पाटी आणि महाड एक नाही, मी तसं म्हणत नाही. खोड एकच आहे.

तुमच्या बिल्डिंगमध्ये याची तपासणी फुकटात होईल. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मेन लिफ्टपाशी उभे राहा. मार्केटमधून पापलेट, कोलंबी, सुरमई घेऊन किती सभासद वर जातात ते बघा. पातळ काळी पिशवी, खालून ठिबकणारी. एक हात पिशवीखाली धरलेला, दुसऱ्या हाताच्या कोपरानं बटण दाबायचं. दार उघडलं की आतला माणूस थोडा सरकून जागा देतो आणि विचारतो, "काय मिळालं आज? काय भाव?" वास तोच, पाणी तेच, लिफ्टची फरशी तीच. त्यांच्यासाठी पाटी नाही. मग पाटी वासावर आहे, की वास घेऊन येणाऱ्या बाईवर?

मग कुठली भावना धरायची आणि कुठली सोडायची? माझी पद्धत अशी: भावनेपुढे नवी माहिती ठेवायची आणि ती जागची हलते का बघायचं. तुमच्यापासूनच सुरू करू. समजा उद्या कळलं की नवव्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमधल्या माशाच्या पाण्यावरून घसरल्या. तुमची कणव हे ऐकून घेईल का? घेतलं पाहिजे. घेतलं तर ती लगेच टोपलीखाली ट्रे ठेवण्याचा, फरशी पुसण्याचा विचार करायला लागेल. आता अध्यक्ष. समजा त्यांना सांगितलं की टोपलीखाली ट्रे असेल, साडेअकराला लिफ्ट पुसली जाईल, सभासदांच्या पिशव्यांनाही तोच नियम असेल. "मग हरकत नाही" म्हणाले तर त्यांची काळजी खरंच स्वच्छतेची होती, आणि अशा माणसाशी बोलता येतं. "ते सगळं ठीक आहे, पण बरं दिसत नाही" म्हणाले तर कशाशी गाठ आहे ते तुम्हाला कळलं. जी भावना ऐकते, ती शिकते. या वयात शिकता येतं का विचारलंत ना? हे शिकता येतं. रागाबद्दल ॲरिस्टॉटलनं हेच सांगून ठेवलंय. राग कुणालाही येतो. तो योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि बेतानं यायला सराव लागतो.

आता थोडं कडू. पाटीवर चौघं होते: घरकामाच्या बायका, मासळीवाल्या, डिलिव्हरीवाले, कचरा उचलणारे. तुमच्या पत्रात फक्त मावशी आहेत. एका घरची धुणीभांडी उरकून अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावरून अठराव्यावर निघालेली बाई त्याच जिन्यानं जाते. भर दुपारी पार्सल घेऊन पंधरावा मजला चढणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर त्याचा उशीर मिनिटामिनिटानं मोजला जात असतो. पाटी जुलैत लागली, तुम्ही बोललात सप्टेंबरात. मधल्या दिवसांत ही माणसं तुमच्या दारावरून गेलीच असतील. त्यांच्यासाठी गळा दाटला नाही, कारण त्यांच्यातलं कुणी तुमच्या आईपाशी बसलं नव्हतं.

दोष देत नाही, सहानुभूतीची चालच तशी असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना देणगी मागितली. काहींना मालीतल्या एका सात वर्षांच्या उपाशी मुलीबद्दल सांगितलं, काहींना लाखो भुकेल्यांचे आकडे दिले. मुलीला जास्त पैसे मिळाले, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे: मुलीची गोष्ट आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तर देणगी नुसत्या गोष्टीपेक्षा घटली. हे तुमच्या कन्येला अवश्य सांगा. नुसता डेटा घेऊन गेला असतात तर गळा दाटला नसता, पण कुणाचा हातही वर झाला नसता. म्हणजे आकडे न्यायचे नाहीत असं नाही. देणगी गोळा करायची तर एक चेहरा पुरतो. नियम ८८ घरांना आणि जिना चढणाऱ्या सगळ्यांना लागू होणार असेल, तर चेहरा ओळखीचा नसलेली माणसंही मोजावी लागतात, आणि ती मोजायला आकडाच लागतो.

आणखी एक. मावशींना काय हवंय, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे नाही. "बोंबील बघ" म्हणणारी बाई धंद्याला आलेली असते, दया घ्यायला नाही. भाऊच्या धक्क्यावरून अंधारात माल उचलायचा, ठाण्याला आणायचा, मग दारोदार फिरायचं, यात वेळेचं गणित काय असतं ते त्यांनाच ठाऊक. कदाचित गेटजवळ तासभर सावलीत बसायला मिळालं तर त्यांना बरंच वाटेल. कदाचित वरच्या मजल्यावरची म्हातारी गिऱ्हाइकं खाली उतरत नाहीत, म्हणून दारात जाणं हाच त्यांचा धंदा असेल. त्यांचं म्हणणं कानावर न घेता त्यांच्या वतीनं लढायला उतरलात, तर तीही एक भावनाच झाली, तीही न ऐकणारी.

मुलीचं वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणून तिच्यावर चिडू नका. ठाण्यात कुणालाही २६ जुलै २००५ बद्दल विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुठे अडकलो, कंबरभर पाण्यातून कुणी हात दिला, कुणाच्या घरी चहा-बिस्किटं मिळाली, सगळं काल घडल्यासारखं सांगतील. भीतीत शरीरात जी रसायनं उसळतात ती आठवण घट्ट बसवतात. पण घट्ट बसलेलं सगळं खरं असतंच असं नाही. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली. अडीचेक वर्षांनी त्यातल्या काहींना तेच पुन्हा विचारलं. कित्येकांच्या आठवणी पार बदललेल्या, आणि खात्री मात्र छातीठोक. तेव्हा मुलगी म्हणते ते एवढ्यापुरतं खरं: आतून कितीही जोरात वाटलं तरी ते तेवढ्यानं खरं ठरत नाही.

पण फॅक्ट शोधायला कोण पळवतं, हेही तिला विचारा. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांचा नाद वर्षानुवर्षं सोडला नाही. जनुकं आपली जागा बदलतात हे त्यांचं म्हणणं १९५१ मध्ये मांडलं तेव्हा बहुतेकांनी थंडपणे ऐकून सोडून दिलं. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. शेतातलं एकेक झाड त्या ओळखत. एवढी वर्षं कुणी दाद देत नसताना माणूस एका प्रश्नापाशी टिकतो तो कशाच्या बळावर? आणि एन्ट्रन्सच्या हॉलमध्ये घरी सुटणारं गणित सुटलं नाही की तिलाही कळेल की भीती नुसती छातीत धडधडत नाही, आकडे डोक्यात धरून ठेवायची जागाच ती अडवते. जाता जाता: तुम्ही सभेहून घरी आलात तेव्हाचा तुमचा चेहरा तिनं पाहिला असेल. तिचं ते इंग्रजी वाक्य मला त्या चेहऱ्याला घाबरून आलेलं वाटतं.

आता कामाचं बोलू. तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी आलाय का ते आधी बघा. नसेल तर सेक्रेटरींना पत्र द्या आणि पोच घ्या. मग दोन आठवडे वॉचमनच्या मदतीनं नोंद ठेवा: सर्व्हिस लिफ्ट बंद असताना कोण, किती वेळा, कितव्या मजल्यापर्यंत जिन्यानं गेलं. लिफ्टच्या कंत्राटदाराकडून आणि वीजबिलावरून काढा की ती दिवसभर चालू ठेवली तर महिन्याला किती रुपये वाढतील, आणि त्याला ८८ नी भागा. हे काम तुमच्याइतकं चोख त्या कमिटीत कुणाला जमणार नाही.

ठराव मांडायचा तो माणसांवर नको, सामानावर मांडा. ओली मासळी, सिमेंटची पोती, फर्निचर, कचऱ्याचे डबे सर्व्हिस लिफ्टनं जातील, मग ते कुणीही नेत असो, सभासद असला तरी. सर्व्हिस लिफ्ट दिवसभर चालू. ती बंद पडली तर मेन लिफ्ट सगळ्यांना खुली. हात मोकळे असलेला माणूस कुठल्याही लिफ्टनं जाईल. यात आजींच्या घसरण्याची काळजी आहे आणि वासाचीही. फक्त 'बरं दिसत नाही'ला जागा नाही.

सभेत पुन्हा बोलाल तेव्हा जिन्यावरचा प्रसंग वगळू नका. दोन-तीन वाक्यांत सांगा, मग आकडे, मग ठराव वाचा. गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, पुढचं वाक्य बोला. माफी मागू नका आणि खाली बसू नका. ठराव कागदावर लिहिलेला असू द्या, म्हणजे आवाजानं दगा दिला तरी शेजारचा वाचून दाखवेल.

सभेसाठी पुढच्या सप्टेंबरची वाट बघायची गरज नाही. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तुमच्या सोसायटीचे उपविधी एकदा नजरेखालून घाला. ८८ घरांचा पाचवा हिस्सा म्हणजे १८ सह्या. तुम्ही तिघं, गप्प बसलेले अकरा, ते सगळे आले तरी चौदा. चार कमी पडतात. सभेला न आलेली ४७ घरं आहेतच, पण मी तुमच्या जागी असते तर त्या चार सह्यांसाठी आधी ठरावाला हात वर करणाऱ्या २७ जणांकडे गेले असते. त्यांच्यापैकी कुणाकुणाचं घर मावशींच्या शनिवारच्या फेरीत आहे, ते मावशी सांगतीलच.